निळ्यार गेमा खंय आसत?

माझं काम नेमकं काय होतं, हे मला घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. कोणी विचारलं की बाबा म्हणतात, "कंप्युटरचा काम करता." आई म्हणते, "पोरांका सांभाळता." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आचऱ्याच्या तिठ्यावर बाबलदादांचं गेम पार्लर होतं आणि कॉलेज सांभाळून तीन वर्षं मी तिथे काउंटरवर बसले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे लोकांच्या माझ्याकडून अपेक्षा बँकेच्या किंवा निदान तलाठी ऑफिसच्या. अंकात वकिलांचे, डॉक्टरांचे अनुभव छापून येतात. त्यात गेम पार्लरचे चालतील का, असं मी संपादकांना दोनदा विचारून घेतलं. ते दोन्ही वेळा "चालतील" म्हणाले. तेव्हा काही चुकलं तर निम्मी जबाबदारी त्यांची.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची एक पेटी. हातात रिमोट धरायचा आणि पडद्यावर फुटबॉल, मारामारी, गाड्यांची शर्यत, जे असेल ते खेळायचं. पेटी एक कंपनी बनवते. काही गेम तीच कंपनी बनवते, पण बाकीचे ढीगभर गेम बाहेरच्या कंपन्या बनवतात. या बाहेरच्यांना धंद्याच्या भाषेत थर्ड पार्टी म्हणतात. मला हे पहिल्यांदा समजलं ते कट्टा गावच्या एसटी स्टँडवर उभी असताना. समजा, कोणीतरी छान स्टँड बांधला. बाकडी आहेत, पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे. पण तिथून सुटते दिवसाला एकच एसटी. मग माणसं तिथे कशाला थांबतील? ती तिठ्यावर उभी राहणार, जिथे सहा आसनी रिक्षा आणि खाजगी गाड्या लागतात. आणि गाडीवाल्यांना विचारावं, "अरे, स्टँडवर गाडी का लावत नाहीस?" तर ते म्हणणार, "थंय माणूस खंय आसा?" माणूस नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून माणूस नाही. गेमच्या धंद्यातल्या मोठमोठ्या साहेबांना सुटाबुटात हेच कोडं पडलेलं असतं.

आमच्याकडे दोन कंपन्यांचे कन्सोल होते. त्यांची खरी नावं लिहीत नाही. गिऱ्हाइकं रंगावरून त्यांना काळो आणि निळो म्हणत. काळा एकच होता आणि निळे चार. काळ्यावर जगातले सगळे गेम यायचे. निळ्यावर त्याच्या स्वतःच्या कंपनीने काढलेले चारदोन: चौघांनी मिळून वल्हवायची होडी, अंडी चोरणाऱ्या कोंबड्या, एक केक वाटण्याचा खेळ, आणि आणखी एक, ज्यात काय करायचं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग चार निळे घेतलेच कशाला? तर तशीच अट होती. बाबलदादा आधी पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर नोकरीला होते. तिथल्या मुलांच्या खेळण्याच्या खोलीची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. लग्नानंतर शुभावहिनींनी दोन खेपा सोसल्या आणि तिसऱ्या खेपेला दादांची बॅग माळ्यावर टाकून शिडी काढून घेतली. म्हणून दादांनी पार्लर काढलं. कोल्हापूरचा वितरक म्हणाला, चार निळे ठेवणार असाल तर एक काळा देतो. पेट्या त्याच्या, जागा आणि वीज आपली, कमाईत वाटा. मात्र निळे चालले पाहिजेत. तिसऱ्या वर्षीच्या देवदिवाळीनंतर त्याचा माणूस येऊन बघणार. निळे नुसते बसून असतील तर सौदा संपला.

या सौद्याबद्दल वहिनींचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. "चार रेडे गळ्यात बांधून घेतल्यानी, तेव्हा खंय एक म्हस मिळाली."

"येतले गो गेमा," दादा म्हणायचे. "एवढी मोठी कंपनी. ती काय येडी आसा?"

"ती नाय. दुसरा कोणतरी आसा."

त्यातच मुंबईहून जहाजाच्या एजंटचे फोन सुरू झाले होते. जागा आहे, येणार का? दादा म्हणत, देवदिवाळीपर्यंत थांबा. म्हणजे निळे चालले तर दादा गावात, नाही चालले तर जहाजावर. पुढे जे सांगणार आहे ते एवढ्यावरच टांगलेलं होतं.

माझी नोकरी म्हणजे खरं तर एका प्रश्नाला उत्तर देण्याची नोकरी होती. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट घुसत आणि ओरडत, "काळो व्हयो!" मी सांगायची, नंबर आहेत, तोपर्यंत निळ्यावर बसा. मग ठरलेला प्रश्न यायचा, "निळ्यार गेमा खंय आसत?" यावर मी इंटरनेटवर वाचलेली ताजी बातमी द्यायची. क्रिकेटचा गेम निळ्यावर आणण्याचं विचाराधीन आहे. गाड्यांचा गेम येणार होता, पण लांबला. मारामारीचा आला आहे, पण तो काळ्यावर तीन वर्षांपूर्वी आला होता तोच. एक सातवीतला मुलगा सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे शिळो भात फोडणीक घातलो." इतक्या थोडक्यात ती परिस्थिती मला इंग्रजी बातम्यांतही वाचायला मिळाली नव्हती.

निळ्याची कंपनी वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करायची. तो आम्ही पार्लरच्या टीव्हीवर लावायचो. शेवटी पडद्यावर बाहेरच्या कंपन्यांची चिन्हं दाटीवाटीने झळकत, की बघा, हे सगळे आमच्याबरोबर आहेत. दादांचा चेहरा फुलायचा. वहिनी एकदा चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नपत्रिकेत नावां अशीच असतत. पंगतीत वाडूक दोघांच येतत."

दोघंही आले नाहीत.

निळे रिकामे दिसू नयेत म्हणून आम्ही काय काय केलं! पहिल्यांदा मी नियम काढला की काळ्याचा नंबर लागेपर्यंत निळ्यावर फुकट बसायला मिळेल. पोरं बसली. रिमोट मांडीवर ठेवून मान काळ्याच्या टीव्हीकडे वळवून बसली. निळा आमची वेटिंग रूम झाला. मग दादांनी एका रविवारी एका निळ्याला वरून खालपर्यंत काळी चिकटपट्टी लावली आणि काळ्याच्या शेजारी मांडला. सोमवारी पहिला मुलगा आत आला, उंबऱ्यावरूनच त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्येका कित्याक सुतक लावलास?"

नाही म्हणायला निळ्याला एक निष्ठावंत गिऱ्हाईक होतं. जवळच्या एका कचेरीतले साहेब दुपारच्या सुट्टीत यायचे. ते खरे काळ्यावरच्या फुटबॉलचे. एकदा काळा बंद पडला होता म्हणून नाइलाजाने कोंबड्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी काळा सुरू झाला, तरी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कालचंच लाव." तेव्हापासून ते पाठ दरवाजाकडे करून कोंबड्या खेळत. माझ्याकडून वचन घेतलं होतं की ऑफिसातलं कोणी आलं तर मी मोठ्याने खोकायचं. मला एकदा खरोखरचा खोकला झाला तेव्हा त्या माणसाचे फार हाल झाले.

पण एका गिऱ्हाइकावर चार निळे चालत नाहीत. देवदिवाळी झाली. वितरकाचा माणूस अमुक आठवड्यात येणार असा निरोप आला. आणि त्याच आठवड्यात गावपळण लागली.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळं गाव गाव सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं जिवंत ते वेशीबाहेर. तीन दिवस गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं आणि पुन्हा कौल झाला की परतायचं. ऐकणाऱ्याला भीती वाटते, पण आम्हाला ती सुट्टी वाटते. शेजारी भांडले असतील तरी झोपड्या शेजारी शेजारीच घालतात, कारण पाट्या-वरवंट्याची सोय एकातच होते.

सामान भरताना वहिनी पार्लरच्या दारात उभ्या राहिल्या. "सगळा जिवंत भायर काढूचा आसा. हय काय जिवंत आसा?"

"काळो," मी म्हटलं.

"मगे घे तो टेंपोत. आणि एक निळो पण घे. काळो एकटो भायर रवलो तर भियात."

तर आमच्या टेंपोत दोन बकऱ्या, एक कोंबड्यांचा डालगा, तांदूळ, काळा, निळा, टीव्ही आणि इन्व्हर्टरची बॅटरी असं सगळं गेलं. बॅटरी चार्ज करायला मंडपवाल्याचा जनरेटर होता. नदीकाठच्या माळावर आमची वाडी उतरली. पोरांनी झोपडीचा झाप पुरता बांधू दिला नाही. "काळो लाव! काळो लाव!"

काळा लावला. त्याने पडद्यावर सांगितलं की इंटरनेट शोधतो आहे. त्या खळग्यात मोबाईलची रेंज नाही. माडावर चढलं तर मिळते, पण काळा माडावर कसा चढणार? त्याच्या गेमचं असं होतं की ते बाहेरच्या कंपन्यांचे, आणि दर वेळी उघडताना आपापल्या मालकाला विचारून उघडायचे. मालक परदेशात, आम्ही गावपळणीत. पोरं सगळी दुपार त्या फिरणाऱ्या गोल चिन्हाकडे बघत बसली. शेवटी एकाने विचारलं, "ह्यो कोणाक विचारता?"

"कंपनीला."

"आणि निळो?"

निळा कोणालाच विचारत नव्हता. त्याची कॅसेट आत घातली की झालं. त्याच्याकडे बाहेरचं कोणी येतच नव्हतं, त्यामुळे बाहेर विचारायचीही त्याला सवय नव्हती.

होडी लावली. चौघांनी चार रिमोट घ्यायचे, प्रत्येकाचं एक वल्हं, सगळ्यांनी एका तालात मारलं तर होडी सरळ जाते, नाहीतर गोल फिरते. पोरं गोल गोल फिरून कंटाळली. तेवढ्यात आबा तांडेल आले. आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे प्रमुख, होते. आता गुडघे गेल्यामुळे घरीच असायचे. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि एका पोराच्या हातातला रिमोट काढून घेतला. आम्हाला वाटलं, आता बघण्यासारखं होणार.

आबांनी होडी पहिल्याच झटक्यात खडकावर घातली.

"ज्येनी ही होडी बांधली त्येका आधी पाण्यात घालूक व्हयो," ते म्हणाले. दुसऱ्यांदा घातली. "खडक सरकलो." तिसऱ्यांदा घातली तेव्हा त्यांची बायको, पार्वतीकाकी, चुलीपासून ओरडली, "आयुष्यभर असाच चालवलास काय वो? मगे बुडाक कशे नाय?"

"तू ये बघूया!"

काकी आल्या. पिठाचे हात लुगड्याला पुसून त्यांनी रिमोट घेतला, वहिनींनी दुसरा, मला तिसरा दिला. चौथा आबांच्या हातात होताच. चौघं बसलो. आबा तालावर ओरडायला लागले. ते ओरडणं इथे छापता येणार नाही, पण होडी सरळ जायला लागली. संध्याकाळपर्यंत माळावरच्या सगळ्या झोपड्यांत बातमी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वाडीची माणसं भाकऱ्या बांधून आली. त्यांच्या बायका विरुद्ध आमच्या बायका अशी शर्यत लागली. निळ्यापुढे रांग! मी काउंटरवर नव्हते, काउंटर कुलपाआड गावात होता, पण मला नंबर लावावे लागत होते. आडून आडून कोणीतरी विचारी, "काळो?" त्याला सगळे गप्प करायचे, "तो आजून विचारता हा."

कचेरीतले साहेबही शेजारच्या माळावर उतरले होते. ते आले आणि सगळ्यांसमोर मला मोठ्याने म्हणाले, "यात तो कोंबड्यांचा खेळ पण आहे असं ऐकलंय. मी काही कधी खेळलो नाही." पहिल्याच डावात त्यांनी सगळी अंडी नेली. त्यानंतर त्यांच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघू लागले.

वितरकाचा माणूस म्हणजे माने, ते त्याच दुपारी आले. कोल्हापूरहून स्वतः गाडी चालवत. त्यांना गावपळण हा शब्द ठाऊक नव्हता, निरोप द्यायचं सामान भरण्याच्या गडबडीत राहिलं होतं आणि माळावर रेंज नव्हती. ते सरळ तिठ्यावर जाऊन उभे राहिले. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर म्हणे कावळाही नव्हता. त्यांनी हाका मारल्या. स्वतःचीच हाक परत आली, तेव्हा ते गाडीत बसले आणि जे सुटले ते वेशीबाहेर आमच्या माळावर येऊन थांबले.

आबा तांडेल पुढे झाले. "खंयसून इलास?"

"कोल्हापूरहून. बाबल यांचं पार्लर... तिठ्यावर जाऊन आलो. कोणीच नव्हतं हो तिथं."

आबांनी रिमोट खाली ठेवला. "तुमी आत जावन इलास?"

"हो. का?"

आबा त्यांच्याजवळ सरकले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "गावपळणीत आत पाय टाकलो त्येका कौल होयसर आमच्यावांगडाच रवाचा लागता. मध्येच वाट धरली तर..."

"तर काय?"

"तां आमी बोलणव नाय."

मानेंचा चेहरा उतरला. मी काही बोलणार होते, कारण असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता, पण पार्वतीकाकींनी माझ्या दंडाला चिमटा काढला. दादा पुढे झाले, पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. आबांनी मानेंच्या हातात रिमोट ठेवला. "आता रवाचाच आसा, तर बसा हय. देवाच्या राज्यात रिकामा बसूचा नाय."

माने बसले. पहिल्यांदा नाइलाजाने, मग जरा पुढे सरकून, मग बूट काढून. ते गेमच्या धंद्यात दहा वर्षं होते, तरी त्यांचं वल्हं सगळ्यांच्या आधी पडायचं. आबा त्यांना सगळ्यांसारख्याच शिव्या घालू लागले. एकदा काकी म्हणाल्या, "अवो, साहेब आसत ते." आबा म्हणाले, "होडयेत साहेब नसता." रात्री जेवायला बांगड्याची कढी होती. कोल्हापूरच्या माणसाने तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वहिनींनी त्यांना आपल्यात घेतलं.

आणि दादा? दादा एवढे आनंदात होते की त्यांना बघवत नव्हतं. निळ्यापुढे रांग, आणि नेमका तो बघायला वितरकाचा माणूस. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रणाली, देव पावलो गो. ह्येंका वाटता, आपल्याकडे रोज असाच चलता. कायएक बोला नको. चार निळे आणखी धाडतले, काळो पण रवतलो."

मी मान हलवली. खरंच हलवली होती.

नाश्त्याच्या वेळी माने चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. आबांकडे बोट करून म्हणाले, "तो नियम खरा आहे का हो, ताई? मला थांबावं लागण्याचा?"

आबांनी ऐकलं. त्यांच्या तोंडात भाकरी होती. ती गिळून ते म्हणाले, "तसो नियम-बियम काय नाय, साहेबानु. चौथो गडी कमी होतो."

माने इतके हसले की चहा सांडला. सगळा माळ हसला. आणि हसता हसताच त्यांनी मला विचारलं, "आता तुम्ही तरी खरं सांगा. पार्लरमध्येही निळ्याला एवढीच गर्दी असते?"

त्यांच्या मागे दादा उभे होते. दादांनी डोळे मोठे केले. पण हा माणूस नुकताच फसवला गेला होता, आणि हसला होता. लगेच दुसऱ्यांदा त्याला फसवायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "नाही हो. तिथे त्याच्याकडे कोणी बघतपण नाही. पोरं काळ्यासाठी येतात."

वहिनींच्या हातातली पळी तव्यावर आपटली. दादा वळून नदीकडे निघून गेले.

मानेंनी सांडून उरलेला चहा पिऊन टाकला. मग म्हणाले, "मला माहीत होतं. कोल्हापुरात नाही, सांगलीत नाही, तर इथं कुठून असणार? पण कोणी बोलत नाही. सगळे पार्लरवाले मी येणार म्हटलं की पुतण्या-भाच्यांना निळ्यापुढे बसवतात." मग आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही खरं बोललात, म्हणून मीपण सांगतो. बाहेरच्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं हात काढून घेतलाय. आता निळ्यावर बाहेरचं काही येणार नाही. कंपनी नवीन पेटी काढणार, आणि ही बंद होणार. गोदामात ढीग पडलाय."

"मग आमचे?"

"निळे न्यायला गाडीभाडंच जास्त होईल. राहू देत तुम्हाला. पण काळा मला न्यावा लागेल, ताई. सौदा निळ्यावर होता. काळ्याला दुसरीकडे मागणी आहे."

म्हणजे माझ्या एका वाक्याने म्हैस गेली आणि रेडे राहिले. मला रडू येत होतं. दादा परत आले तेव्हा मीच त्यांना हे सांगितलं, कारण दुसऱ्या कोणी सांगण्यात अर्थ नव्हता. दादा मोबाईल घेऊन माडाच्या दिशेने बघायला लागले. तिथे चढलं तर रेंज होती, आणि रेंजच्या पलीकडे जहाजाचा एजंट होता.

वहिनींनी तो मोबाईल त्यांच्या हातातून काढून घेतला. मग मानेंकडे वळून त्या अगदी शुद्ध मराठीत, ऑफिसात बोलतात तशा, म्हणाल्या, "काळा घेऊन जा. त्याला रेंज लागते. गोदामातले ते निळे कसे काय देताय?"

"कशाला हवेत?" माने चक्रावले.

वहिनी पुन्हा आमच्या भाषेत आल्या. "कशाक म्हंजे? आता गावागावच्या जत्रा सुरू होतले. जत्रेत रेंज खंय आसता? माणसां मात्र आसतत. चौघां चौघांनी येतत, आणि नाटक सुरू होयसर करतत काय? खाजा किती खातले?"

दादा माडाकडे पाठ करून वहिनींजवळ आले. मीपण. तीन वर्षं मी इंटरनेटवर निळ्याचं भवितव्य वाचत होते, की कोणती कंपनी येणार, कोणती विचार करते आहे. ते सगळे शोधत होते निळ्यावर काय येईल. निळा कुठे जाईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

कौल झाला, गाव परतलं. काळा गेला त्या दिवशी पार्लरमध्ये पोरांनी जो गळा काढला तो बघून मला वाटलं, पुन्हा एक गावपळण करावी लागते की काय. काही मुलं माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीत. दादासुद्धा दोन दिवस मला नुसतं "कुलूप घे", "चावी दे" एवढंच म्हणत होते. ते बरोबरच होतं. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं असं शाळेत शिकवतात, पण काळा गेला तो गेलाच, आणि तो परत आलेला नाही. पार्लर आम्हाला बंद करावं लागलं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

निळ्याच्या कंपनीने नवीन पेटीची घोषणा केली तेव्हा मी सवयीने कार्यक्रम बघितला. पडद्यावर पुन्हा सगळी चिन्हं झळकली. जुन्या निळ्याचं नाव कोणी घेतलं नाही. त्याचे रिमोट आता बाजारात मिळत नाहीत. एक बिघडला की दादा गोदामातून आणलेल्या एखाद्यातून बटण काढून त्यात बसवतात. असं किती दिवस चालेल, मला सांगता येत नाही. बातम्या वाचून तर मुळीच नाही.

पण जत्रेत चाललं. पहिली जत्रा शेजारच्याच गावची होती. दिवेलागणीला आम्ही खेळण्यांच्या आणि खाजाच्या मिठाईच्या दुकानांमध्ये पाल ठोकलं, चार टीव्ही, चार निळे. वहिनी बाहेर उभ्या राहून बायकांना हाताला धरून आत आणत होत्या. आबा तांडेल खुर्चीवर बसून, ओळख ना पाळख, सगळ्यांना शिव्या घालत होते, आणि त्यांच्या शिव्या ऐकायलाच निम्मी गर्दी होती. सासू-सुना एका होडीत बसत आणि बाहेर आल्यावर भांडत, की तू आधी मारलंस.

अशा गर्दीत दादांचा मोबाईल वाजला, पण आवाज तुटत होता. पालासमोरच्या देवळाच्या पायरीवर तेवढी एक काडी रेंज होती, म्हणून ते तिथे गेले. मी रिमोटला सेल आणायला निघाले होते, ती थांबले. वहिनीसुद्धा पालाच्या दारात थांबल्या. आत कोणीतरी "पुढचे चार" म्हणून ओरडत होतं, पण त्यांनी कोणाला आत सोडलं नाही.

एजंटच होता. दादांनी सगळं ऐकून घेतलं. पगार, महिने, कुठून बसायचं. हं, हं करत राहिले. मग विचारलं, "साहेब, जहाजावर मुलांच्या खोलीत कुठला कन्सोल ठेवलाय? काळा की निळा?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. एजंट हसला असावा, कारण दादाही हसले.

"काळा ना?" दादा म्हणाले. "मग नको."